सोळाशे वीस अंशांचं खापर

केंद्राच्या भिंतीवर पाटी होती: "प्रयोगशाळेत खाणे, पिणे, थुंकणे सक्त मना." चाटण्याबद्दल पाटीत अवाक्षर नव्हतं. त्यामुळे ठोकेताई चाटायची, आणि नियमात राहून चाटायची.

भट्टीतून निघालेली पांढरी चकती निवली की ती आधी नखाने टिचकी मारून कानाशी धरायची. मग इकडेतिकडे बघून जिभेचं टोक तिला लावायची. जीभ चिकटली तर माल कच्चा, निसटली तर पक्का. नीट भाजलेल्या मालात पाणी शिरायला बारीकसंही भोक उरत नाही, म्हणून तो जिभेची ओल ओढत नाही. एवढं साधं शास्त्र. पण ते शिकायला कुणी विमानात बसून जात नाही, म्हणून त्याला शास्त्र म्हणायची पद्धत नाही.

ठोकेताई हे तिचं नाव नव्हे. नाव हजेरीपटात असेल. विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात ती एकवीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी लाकडी हातोडी घेऊन बसली होती. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग ठोकायचा. 'टण्ण' वाजला तर उजवीकडे, 'भद्द' वाजला तर डावीकडे. दिवसाला हजार नग. घरी आल्यावर नवरा बोलायला लागला तरी तिला आधी त्याचा आवाज ऐकू यायचा आणि मग शब्द; खोटं बोलताना तो भद्द वाजतो हे तिला लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात कळलं होतं.

भट्टीवरचे गडी कमी पडले की ती तिथेही उभी राहायची. तेलाच्या भट्टीत एक गंमत असते. ज्वाला मालावर नाचत असते आणि तिच्या उजेडात कच्चा मालही पक्का दिसतो. म्हणून जुने भट्टीवाले क्षणभर तेल तोडायचे. ज्वाला बाजूला झाली की माल स्वतःच्या अंगाने जेवढा पेटलेला असेल तेवढाच दिसतो. 'दुसऱ्याच्या उजेडात कुणीही गोरं दिसतं,' असं तिथला म्हातारा भट्टीवाला म्हणायचा. तोही गेला, कारखानाही गेला. आधी म्हातारा गेला, हे त्याचं नशीब.

पुढे ती या केंद्रात लागली ती आरसे पुसायला. केंद्र म्हणजे उन्हावर भाजणारी भट्टी. बाहेर मैदानात दुमजली घराएवढा सपाट आरसा, सूर्याच्या मागे मागे मान वळवणारा. तो ऊन शेडमध्ये फेकतो. शेडच्या तोंडाला लोखंडी पट्ट्यांची उभी झडप, खिडकीच्या पडद्यासारखी उघडमीट करणारी. आत शेकडो तुकडे जोडून केलेला मोठा खोलगट आरसा. तो ते सगळं ऊन गोळा करून तळहाताएवढ्या जागेवर ओततो. त्या जागेवर पांढऱ्या भुकटीची दाबून केलेली चकती ठेवायची. विजेच्या भट्टीला जे काम करायला दिवस लागतो ते इथे वीस-पंचवीस मिनिटांत. धूर नाही, तेल नाही, बिल नाही. ऊन फुकट. फक्त ते फुकटचं ऊन वापरायला बत्तीस माणसं, तीन समित्या आणि एक संचालक लागत होते.

झडपेवरचा माणूस चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला, तेव्हा ठोकेताईला "तात्पुरतं" झडपेवर बसवलं. त्याला सहा वर्षं झाली. जगात न झिजणारे पदार्थ बनवायला ते केंद्र काढलं होतं. पण 'तात्पुरतं' या शब्दाइतका टिकाऊ पदार्थ तिथे अजून कुणाला जमला नव्हता.

ती काळ्या काचेमागच्या खोपटात बसायची. हातात झडपेचा दांडा, समोर आकडे दाखवणारा पडदा. चकतीचा ताप दुरून मोजणारं एक यंत्र होतं, दुर्बिणीसारखं, चकतीकडे टक लावून बघणारं. ते ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना ती मनातल्या मनात आकडेशास्त्री म्हणायची, तोंडावर साहेब. माणूस वाईट नव्हता. फक्त यंत्रावर त्याची जी निष्ठा होती ती बायकोवर असती तर संसाराला दृष्ट लागली असती.

"ताई, सोळाशे वीसवर आणायचं, बारा मिनिटं धरायचं, उतरवायचं. बाकी डोकं लावायचं नाही."

"लावत नाही साहेब. डोकं घरी ठेवूनच येते. डबा आणि डोकं, दोन्ही आणायला जड पडतं."

पण हाताची सवय डोक्याला विचारून चालत नाही. भर भाजणीत, पाच-सहा मिनिटांनी एकदा, ती दांडा झटकन मागे ओढायची. पापणी लवावी तशी झडप मिटायची आणि लगेच उघडायची. तेवढ्या निमिषात काळ्या काचेतून चकती दिसायची, उन्हाशिवायची, आपल्या अंगच्या उजेडातली. आणि ती तिला हवी तशी पांढरट कधीच दिसायची नाही. पिवळसर दिसायची. कच्ची.

दोन वर्षांपूर्वी तिने हे सांगितलं होतं. "साहेब, माल कच्चा राहतोय."

"यंत्र सोळाशे वीस दाखवतंय, ताई."

"यंत्र दाखवतंय. चकती दाखवत नाही."

आकडेशास्त्री हसले होते. हसू प्रेमळ होतं, म्हणजे लहान मुलाने 'चंद्र माझ्यामागे येतो' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात तसं. तिने त्यानंतर तोंड मिटलं. झडप मिटणं मात्र सोडलं नाही.

तोवर पक्क्या मालावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. केंद्राच्या चकत्या बाहेर जातच नव्हत्या. त्या काचेच्या कपाटात मखमलीवर बसायच्या, पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. मखमलीवर ठेवलेली चकती कधी मोडत नाही. मग संचालकांना उत्साह आला आणि त्यांनी एका पंपाच्या कारखान्याला वीस चकत्या दिल्या. पंपात फिरत्या दांड्याला घासून घासूनही वर्षानुवर्षं झिजणार नाहीत, अशी छापील हमी देऊन. तिसऱ्या आठवड्यात खोकं परत आलं. वीसपैकी चौदांचा पिठासारखा भुगा. कारखान्याने हमीचा कागदही परत पाठवला होता, नीट घडी घालून, भुग्याच्या वर.

समिती बसली. चूक कुणाची नाही हे ठरवायला तिला दोन दिवस लागले. संचालक चुकणं शक्य नव्हतं, कारण समिती त्यांनी नेमली होती. यंत्र चुकणं शक्य नव्हतं, कारण ते परदेशी होतं आणि त्याच्याबरोबर मखमलीच्या पेटीत प्रमाणपत्र आलं होतं. भुकटी प्रमाणित, आरसे प्रमाणित. प्रमाणपत्र नसलेली अख्ख्या शेडमध्ये एकच वस्तू होती, आणि ती खोपटात बसून डबा खात होती.

पुरावाही मिळाला. तापाच्या आलेखात दर पाच-सहा मिनिटांनी एक बारीक खाच होती. सोळाशे वीसची सरळ रेघ, मध्येच सुईसारखी खाली, पुन्हा वर. म्हणजे झडपवाली भर भाजणीत झडप मिटत होती. हात घसरत होता. माल कच्चा का राहिला ते कळलं. खापर फोडायला डोकं सापडलं की समित्यांना जो आनंद होतो त्याला तोड नाही.

संचालकांनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. खुर्ची आणि चहा एकदम मिळाले तेव्हाच तिला कळलं की काहीतरी भारी मागणार.

"ताई, रागवायचं नाही. साधा कागद आहे. 'झडप हाताळताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.' खाली सही. नोकरी जाणार नाही तुमची. पुन्हा आरसे पुसायला घेतो. झडपेवर मोटर बसवू."

"आणि सही नाही केली तर?"

"करार महिनाअखेर संपतोय," संचालक म्हणाले आणि चहात बोट बुडल्यासारखा चेहरा केला. "मग माझ्या हातात काही राहत नाही."

"सगळं तुमच्या हातात असतं तेव्हा हात कुठे असतात साहेब?"

कागद घेऊन ती घरी आली. एकच खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे नवऱ्याचं शिलाईयंत्र, कापडाच्या चिंध्या, भिंतीला खडूच्या खुणा. नवरा शिंपी. कागद त्याने चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला.

"कर की सही. काय आहे त्यात? नुसतं नावच तर लिहायचंय, जमीन थोडीच लिहून देतेस?"

"काय आहे त्यात? एकवीस आणि सहा, सत्तावीस वर्षं आहेत त्यात."

"अगं, आरसे पुसण्यात काय कमीपणा आहे?"

"कमीपणा पुसण्यात नाही हो. पुसायला परत घालतील म्हणून नाही म्हणत मी. माझा हात चुकला असं लिहिलंय. हात चुकला नाही."

"मोठ्या लोकांच्या तोंडी कशाला लागायचं? ते शिकलेले."

"काल त्या वकिलीणबाईचा झगा उसवत बसला होतात ना, दोन तास? का?"

"बाही अर्धं बोट वर गेली होती."

"दिसत होती कुणाला?"

"मला दिसत होती."

"झालं तर मग."

नवऱ्याने यंत्राचं चाक उगाच एकदा फिरवलं. "पण नोकरी गेली तर..." तो म्हणाला, आणि तिला ऐकू आलं की हे मात्र भद्द वाजलं नाही. तो खरंच घाबरला होता. तीही घाबरली होती. पन्नाशी उलटलेल्या, ठोकून आवाज ऐकणाऱ्या बाईला कोण कामावर ठेवतं? जग इन्सुलेटर ठोकण्याच्या पुढे गेलं होतं. आता नुसती माणसं ठोकतात.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. ती कागद घेऊन थेट शेडमध्ये गेली. संचालक, आकडेशास्त्री आणि समितीतले दोघे भुग्याचा फोटो काढत होते. भुगा तरी नीट यावा म्हणून उजेड कुठून घ्यायचा यावर मतभेद चालले होते.

"आणलात कागद?" संचालक.

"आणलाय. एक शंका आहे. ती फिटली की सही करते."

"विचारा ना."

"या खाचा माझ्या आहेत. मीच मिटते झडप. कबूल."

समितीतल्या एकाने लगेच वही उघडली.

"लिहा, लिहा. आता हे सांगा, मिटते किती वेळ?"

आकडेशास्त्र्यांनी आलेख बघितला. "अर्धा सेकंद. कधी त्याहून कमी."

"आणि आकडा किती उतरतो?"

"सोळाशे वीसवरून... तेराशे पंच्याऐंशी."

"आणि झडप उघडल्यावर?"

"पुन्हा सोळाशे वीस."

"किती वेळात?"

आकडेशास्त्र्यांचं बोट आलेखावरच्या खाचेपाशी थांबलं.

"साहेब, मी शाळा अर्धी सोडली. मला एवढंच सांगा. चुलीवरचं पातेलं उतरवलं तर अर्ध्या सेकंदात किती निवतं? ही तर दगडासारखी चकती. अर्ध्या सेकंदात सव्वादोनशे अंश निवते, अर्ध्या सेकंदात पुन्हा तापते. चकती आहे का सरकारी आश्वासन?"

"पाच-सात अंश उतरायला हवेत फार तर," आकडेशास्त्री स्वतःशी पुटपुटले. "दोनशे पस्तीस... एकदम..."

"म्हणजे काय?" संचालकांनी विचारलं. त्यांना 'म्हणजे काय' हे विचारण्याचा पगार होता.

"म्हणजे चकती पांढरी आहे," ठोकेताई म्हणाली. "तिच्यावर एवढं ऊन ओतलं की ती थोडं पिते आणि बाकीचं परत फेकते. ते फेकलेलं ऊन तुमच्या दुर्बिणीत शिरतं. दुर्बिणीला वाटतं, वा, काय तापलीय! झडप मिटली की ऊन गेलं, आणि चकतीचं स्वतःचं जे आहे तेवढंच उरलं. तेराशे पंच्याऐंशी. मी सांगितल्यावरही दोन वर्षं तुम्ही ज्या सोळाशे वीसवर भाजत होता ते उन्हाचे होते. चकतीचे नव्हते."

समितीतला वहीवाला लिहायचा थांबला, कारण आता काय लिहिलं तर कुणाच्या विरुद्ध जाईल हे त्याला कळेना.

"हा एक दृष्टिकोन झाला," संचालक म्हणाले.

"दृष्टिकोन नको. चकती लावा."

चकती लावली. ती खोपटात गेली. आकडेशास्त्री न बोलता तिच्यामागे येऊन उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा खोपटात आले होते, छताला डोकं आपटलं. तिने झडप हळूहळू उघडली. पडद्यावर सोळाशे वीस आले. ती थांबली नाही.

"ताई, झाले की!"

"उन्हाचे झाले. तिचे व्हायचेत."

सतराशे. तिने झडपेची पापणी लववली. आकडा धाडकन चौदाशे साठवर, पुन्हा वर. सतराशे ऐंशी. अठराशेला यंत्राने शीळ घातली आणि लाल दिवा लागला. शेडमधून संचालक ओरडले, "वितळेल! बंद करा! वितळेल!"

"वितळेल का हो साहेब?" तिने मागे न बघता विचारलं. कच्ची निघाली तर कागद, वितळली तर कागद आणि वर पोलीस.

आकडेशास्त्र्यांनी पडद्याकडे बघितलं. यंत्र अठराशे चाळीस म्हणत होतं. त्यांच्या आयुष्यातली सगळी प्रमाणपत्रं तो आकडा खरा माना म्हणत होती.

"एकदा मिटा," ते म्हणाले.

तिने मिटली. सोळाशे पंधरा.

"अजून थोडं," आकडेशास्त्री म्हणाले. "जरासंच. आणि मग बारा मिनिटं धरा. शीळ मी बंद करतो."

बारा मिनिटं संचालक शेडच्या दाराशी उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. यश आलं तर आत यायचं, स्फोट झाला तर बाहेरगावी होतो म्हणायचं.

चकती निवायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात कुणी चहा मागवला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. मग ठोकेताईने ती उचलली, नखाने टिचकी मारली आणि कानाशी धरली. कान कशाला हवा होता? तो आवाज दारापर्यंत गेला. टण्ण. तिचे डोळे भरून आले, पण समोर समिती होती म्हणून तिने ते परत पाठवले.

"आता शेवटची तपासणी," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत जीभ लावली. निसटली.

"अहो, हे काय!" संचालक.

"पाटीत नाही लिहिलेलं. वाचून घ्या."

आकडेशास्त्र्यांनी परत आलेल्या खोक्यातली एक न मोडलेली चकती उचलली, सगळ्यांकडे पाठ केली आणि हळूच जिभेला लावली. ती चिकटली. सोडवायला जरा वेळ लागला. वळले तेव्हा त्यांच्या ओठावर पांढरी भुकटी होती. "कच्ची आहे," ते म्हणाले. उच्चशिक्षित माणसाने इतकं छोटं वाक्य बोललेलं त्या शेडने पहिल्यांदा ऐकलं.

पण सत्य सापडणं वेगळं आणि अहवाल लिहिणं वेगळं. झडपवाली बरोबर होती असं लिहिलं तर दोन वर्षं कोण चूक होतं, हा प्रश्न येतो. समिती आठ दिवस घासाघीस करत बसली. नवव्या दिवशी संचालकांनी तिला पुन्हा बोलावलं. खुर्ची होती, चहा नव्हता. तिला बरं वाटलं. म्हणजे काही मागणार नव्हते. आकडेशास्त्री कोपऱ्यात उभे होते. संचालकांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला.

"वाचते," ती म्हणाली, आणि सावकाश, बोट ठेवून, सगळा अहवाल वाचला. संचालकांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी ओळ होती: "सदर बिघाडास परावर्तित सूर्यप्रकाशाचा अनाहूत हस्तक्षेप कारणीभूत आहे."

"म्हणजे चूक सूर्याची?"

"तांत्रिकदृष्ट्या," संचालक म्हणाले.

"बरं झालं. तो करारावर नाही, त्याला कुठे पाठवाल? आणि माझा तो पहिला कागद?"

"तो रद्द झाला."

"रद्द झाला म्हणजे फायलीत आहे. इकडे द्या."

"ताई, शासकीय कागद असा..."

"मी सही केलेली नाही. म्हणजे तो कागद नाही, नुसतं टंकलेखन आहे. द्या."

संचालकांनी आकडेशास्त्र्यांकडे बघितलं. त्यांच्याकडून मदत येईल अशी अपेक्षा होती. आकडेशास्त्र्यांनी पुढे होऊन फाईल उघडली, कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो चार घड्या घालून फाडला, तुकडे केराच्या टोपलीत न टाकता पदराला बांधले. टोपलीतले कागद लोक पुन्हा जोडतात, हा तिचा जुना अनुभव होता.

"करार वाढवलाय," संचालक घाईने म्हणाले. "झडपेवरच. तात्पुरता. आणि हो, झडप मिटून ताप वाचण्याची नवी कार्यपद्धती ठरलीय, तर सोमवारी तुम्हाला तिचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. दोन तास. सक्तीचं आहे."

"मला? झडप मिटायचं?"

"नियम आहे."

"कोण देणार?"

कोपऱ्यात आकडेशास्त्री आपले बूट बघत होते. कान लाल झाले होते.

ठोकेताई उठली. "येईन," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसेन. पण साहेब, तुमचं चुकलं तर मी मध्येच बोलणार."

"मध्येच बोला," आकडेशास्त्री म्हणाले.

तिने ते ऐकलं, आवाज आधी, शब्द मग. भद्द नव्हतं.